घाव कुणाचा, हिशेब कुणाच्या नावावर?

चाळीस माणसे, चाळीस घरांत, चाळीस संगणकांसमोर बसलेली. त्यांतील बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. पाच-सात मिनिटांच्या घनघोर झुंजीनंतर पडद्यावरचा अजस्र शत्रू कोसळतो, जयघोष होतो, आणि तो विरण्याच्या आत पडद्याच्या कोपऱ्यात एक यादी उभी राहते. पहिला अमुक, त्याने सेकंदाला इतका मारा केला. दुसरा तमुक, त्याचा मारा इतका. तिसरा त्याहून कमी. अशी ती यादी पायरीपायरीने खाली उतरत जाते. तळाशी ज्याचे नाव असेल त्याला पुढच्या मोहिमेचे निमंत्रण बहुधा येत नाही. त्याने कारण विचारलेच तर उत्तर तयार असते : आकडे खोटे बोलत नाहीत.

हे वाक्य चळवळीतील कार्यकर्त्यांना नवे नाही. गिरणीच्या खात्यात त्यांनी ते ऐकले आहे, वेतनवाढीच्या वाटाघाटींत मालकाच्या हिशेबतज्ज्ञाच्या तोंडून ऐकले आहे. नवे एवढेच की आता ते वाक्य करमणुकीच्या खेळात, कोणा मालकाने न पढवता, खेळाडूच एकमेकांना ऐकवू लागले आहेत. ज्या युक्तिवादाने श्रमिकांची आजवर फसगत झाली तो युक्तिवाद लाखो तरुण मुले संध्याकाळच्या फावल्या वेळात, तेही स्वतःच्या खिशातले पैसे मोजून, पाठ करीत असतील तर त्याकडे 'सुखवस्तू पोरांचे चाळे' म्हणून पाठ फिरवणे समाजवाद्यांना शोभणारे नाही.

खेळाची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ अमेरिकेतील ब्लिझर्ड या कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आणला. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर पोहोचले होते. महिन्याला सुमारे १५ डॉलर भरून माणूस त्या कल्पित जगात एक पात्र धारण करतो. पात्राच्या पेशाला तेथे 'क्लास', म्हणजे चक्क वर्ग, असे म्हणतात. हा वर्ग उत्पादनसाधनांच्या मालकीवरून ठरत नाही. पहिल्याच मिनिटाला तो स्वेच्छेने निवडता येतो. मार्क्सलाही हेवा वाटावा अशी ही सोय! मोठ्या मोहिमांत श्रमविभागणी मात्र कडक असते. शत्रूचा रोष ओढवून घेऊन त्याचे तडाखे अंगावर झेलतो तो 'टँक'. जखमा भरून काढणारे ते 'हीलर'. उरलेले सारे मारा करणारे. त्यांतही काही दुरून बाण आणि मंत्र सोडतात, तर काही शत्रूला भिडून हातघाईवर येतात. 'वॉरियर' म्हणजे योद्धा हा या हातघाईच्या वर्गातला अग्रणी, आणि सेकंदाला अधिकाधिक मारा कसा करावा हे त्याचे अखंड चाललेले चिंतन.

विद्येचा मान

या विद्येला तिचा मान आधी दिला पाहिजे, कारण ती खरोखरच विद्या आहे. मूळ खेळात, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने 'क्लासिक' या नावाने त्याचे जुने रूप पुन्हा खुले केले त्यातही, खेळाडूची पातळी ६० वर थांबते, पण मोहिमेतील मोठा शत्रू ६३ व्या पातळीचा धरला जातो. या तीन पातळ्यांच्या अंतरातून सगळे गणित निघते. नेम वाढवणारी साधने अंगावर नसतील तर योद्ध्याच्या खास डावांपैकी सुमारे ९ टक्के वाया जातात. दोन हातांत दोन शस्त्रे घेतली तर आपोआप पडणाऱ्या साध्या घावांवर आणखी १९ टक्क्यांचा दंड बसतो. शिवाय त्या साध्या घावांपैकी ४० टक्के 'निसटते' पडतात. ते कोणत्याही उपायाने टळत नाहीत. शस्त्रकौशल्य वाढवून त्यांतली तूट तेवढी कमी करता येते. या कौशल्याचे ५ गुण मानववंशीयाला तलवार आणि गदा यांसाठी, तर ऑर्कवंशीयाला कुऱ्हाडीसाठी जन्मतःच जादा मिळतात. (वंशही निवडता येतो हे खरे, पण निवडीनंतरची विषमता कंपनीने जन्मजातच ठेवली आहे.)

आक्रमणशक्तीचे १४ गुण वाढले की दर सेकंदाचा मारा १ एककाने वाढतो. मग अंगठी बदलायची ती नेमासाठी की शक्तीसाठी? नेमाचे पहिले नऊ टक्के सोन्याच्या मोलाचे असतात, कारण ते खास डावांनाही लागू पडतात. त्यापुढचा प्रत्येक टक्का फक्त साध्या घावांच्या कामाचा, म्हणून त्याचे मोल एकदम उतरते. सीमांत उपयोगितेचा जो सिद्धांत पदवीच्या वर्गात निम्म्या विद्यार्थ्यांच्या डोक्यावरून जातो, तो येथे पंधरा वर्षांचा मुलगा चिलखताची जोडी निवडताना सहज वापरतो. उभे कोठे राहावे? शत्रूच्या पाठीशी, कारण समोरून आलेला घाव तो आपल्या शस्त्रावर अडवू शकतो, पाठीमागून आलेला नाही. संताप कधी साठवावा आणि कधी खर्चावा? शत्रूचे प्राण २० टक्क्यांच्या खाली उतरले की 'एक्झिक्यूट' हा डाव खुला होतो. त्या क्षणासाठी काय राखून ठेवावे, यावर पानेच्या पाने लिहिली गेली आहेत.

हे ज्ञान कंपनीने फुकट वाटलेले नाही. सूत्रे तिने यंत्राच्या पोटात दडवली होती. खेळाडूंनीच हजारो घाव मोजून, नोंदी ठेवून, एकमेकांच्या चुका काढून ती बाहेर काढली. लढाईचा आगाऊ हिशेब मांडणारी 'सिम्युलेशनक्राफ्ट' ही प्रणाली अशाच हौशी लोकांनी तयार केली. ती मुक्त आहे आणि कोणालाही विनामूल्य मिळते. कोणाच्याही मालकीचे नसलेले, सर्वांनी मिळून वाढवलेले हे ज्ञान पाहून सहकाराच्या कल्पनेवर श्रद्धा असलेल्या माणसाला आनंदच झाला पाहिजे. वाद या विद्येशी नाही. वाद आहे तो ती विद्या ज्या यादीच्या सेवेला जुंपली गेली त्या यादीशी.

शून्याची किंमत

योद्ध्याकडे 'संडर आर्मर' नावाचा एक डाव आहे. तो घातला की शत्रूच्या चिलखताचा एक थर उतरतो : ४५० गुणांचा. असे पाच थर एकावर एक चढवता येतात, म्हणजे एकूण २,२५० गुण. चिलखत उतरले की त्या शत्रूवर शस्त्राने घाव घालणाऱ्या प्रत्येकाचा मारा वाढतो; मग तो दुसरा योद्धा असो, खंजीरवाला 'रोग' असो की दूर उभा राहून बाण सोडणारा शिकारी. पण जुन्या खेळात या डावाने प्रत्यक्ष इजा काडीचीही होत नाही. ज्याने संडर घातला त्याचा संताप खर्च झाला, दीड सेकंद गेला, आणि मीटरवर त्याच्या नावापुढे पडले शून्य. त्याच दीड सेकंदात ज्याने स्वतःचा घाव हाणला त्याचे नाव एक पायरी वर चढले. यादी पाहून खेळणाऱ्या शहाण्या योद्ध्याने मग काय करावे? दुसऱ्याने संडर घालण्याची वाट पाहावी. सगळेच शहाणे असले तर चिलखत तसेच राहते, लढाई लांबते, आणि प्रत्येकाचाच मारा घटतो. वैयक्तिक शहाणपणाची बेरीज सामूहिक मूर्खपणात कशी होते हे शिकवण्यासाठी अर्थशास्त्राच्या अध्यापकाला याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. शामन हा अर्धा मांत्रिक, अर्धा वैद्य. तो जमिनीत 'विंडफ्युरी टोटेम' रोवतो. मग त्याच्या पाच जणांच्या गटात हातघाईने लढणाऱ्यांना घावागणिक २० टक्के शक्यतेने आणखी एक घाव फुकट घालता येतो. हा जादा घाव कोणाचा? टोटेम शामनने रोवले, त्याची शक्ती शामनची खर्च झाली, विझण्यापूर्वी ते पुन्हा रोवण्याची यातायात शामनची. पण तलवार योद्ध्याच्या हातात होती. म्हणून मीटर तो घाव योद्ध्याच्या नावावर जमा करते, आणि शामन यादीत तळाला जातो. हत्यार ज्याच्या हाती, उत्पन्न त्याच्या नावावर : हा न्याय शेतमजुरांना चांगलाच परिचयाचा आहे, फक्त तेथे हत्याराऐवजी सातबारा असतो.

टँकचे तर विचारूच नये. शत्रू कोणावर चालून जाणार हे रोषाच्या हिशेबाने ठरते. शत्रूजवळ उभ्या असलेल्या योद्ध्याने टँकच्या रोषाच्या ११० टक्क्यांची मर्यादा ओलांडली की शत्रू वळून त्याच्यावर येतो, आणि पुढच्या तडाख्याला योद्धा आडवा होतो. याचा अर्थ असा की टँक जितका कुशल तितकी योद्ध्याला हात मोकळा सोडण्याची मुभा. यादीत पहिल्या आलेल्या वीराच्या माऱ्याची कमाल मर्यादा दुसऱ्याच एका माणसाच्या कामाने ठरलेली असते, आणि त्या माणसाचे नाव यादीच्या खालच्या अर्ध्यात शोधावे लागते.

मीटरवाद्यांचे आवडते रणांगण म्हणजे 'पॅचवर्क' या राक्षसाशी होणारी लढाई. पळापळ नाही, आगीतून वाट काढणे नाही; एका जागी उभे राहायचे आणि मारायचे. म्हणून माऱ्याचे शुद्ध माप येथेच कळते असे मानतात. सिम्युलेशनक्राफ्टचा नित्याचा नमुनाही याच लढाईच्या नावाने ओळखला जातो. पण ही शुद्धता आली कोठून? पॅचवर्क मुख्य टँकला तर झोडपतोच, शिवाय आसपासच्या आणखी एका वीरावर थोड्याथोड्या वेळाने प्रचंड तडाखे हाणतो. ते तडाखे झेलण्यासाठी आणखी टँक उभे करावे लागतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाला जिवंत ठेवण्यासाठी हीलरांची तुकडीच्या तुकडी श्वास रोखून राबत असते. एका हीलरचा हात सेकंदभर थबकला तर डाव संपला. योद्ध्याला काहीही बघावे लागत नाही, कारण बघण्याचे सगळे काम दुसऱ्यांनी उचललेले असते. घरातील बाई पहाटेपासून राबते म्हणून कर्त्या पुरुषाला वेळेवर पाळी गाठता येते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात मात्र पगार तेवढा मोजला जातो. पॅचवर्कच्या शुद्ध मापाची शुद्धता याच जातीची आहे.

अर्थशास्त्राच्या इतिहासात ही लबाडी जुनी आहे. जॉन बेट्स क्लार्क या अमेरिकन पंडिताने १८९९ मध्ये संपत्तीच्या वाटपावर ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की मुक्त स्पर्धेत प्रत्येक घटकाला त्याने निर्माण केले तेवढेच मिळते : मजुराला मजुराच्या वाट्याचे, भांडवलाला भांडवलाच्या वाट्याचे. किती समाधानकारक सिद्धांत! ज्याला कमी मिळाले त्याने कमी निर्माण केले असणार, हे ओघानेच आले. प्रश्न एवढाच की जे उत्पादन अनेकांच्या हातांनी, एकमेकांच्या आधाराने झाले, त्यातला कोणता तुकडा कोणाचा हे ठरवायचे कसे? टोटेम काढून घेतले तर जादा घाव शून्य. योद्धा काढून घेतला तरीही शून्य. मग तो घाव शंभर टक्के टोटेमचा की शंभर टक्के योद्ध्याचा? प्रत्येकाला 'त्याचे' पूर्ण द्यायला गेले तर बेरीज दोनशे टक्के होते.

हा केवळ पंडिती खल नव्हे. जुलै २०२३ मध्ये कंपनीने मुख्य खेळात 'ऑगमेंटेशन' हा नवा प्रकार आणला. स्वतःच्या माऱ्याहून सोबत्यांचा मारा वाढवणे हेच त्याचे मुख्य कार्य. हिशेबनिसांची तारांबळ उडाली. ज्याच्या येण्याने तुकडीचा मारा भरघोस वाढतो तो यादीत तळाला! अखेर इतरांच्या खात्यांतून काही मारा वजा करून तो या नव्या पात्राच्या खात्यात घालण्याची व्यवस्था करावी लागली, आणि तीही अंदाजानेच. वाढवणारा नव्याने आला तेव्हा हा प्रश्न सुचला. संडर घालणारा आणि टोटेम रोवणारा इतकी वर्षे तेच करीत होते, तेव्हा कोणाला सुचला नाही.

देखरेख कोणाची?

एकत्रित उत्पादनाची ही अडचण भांडवलशाहीच्या कैवाऱ्यांना ठाऊक नाही असे नाही. आर्मेन अल्चियन आणि हॅरॉल्ड डेम्सेट्झ यांनी १९७२ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. दोन माणसे मिळून जड माल मोटारीत चढवीत असतील तर चढलेला माल पाहून कोणी किती जोर लावला हे सांगता येत नाही, असे त्यांनी मान्य केले. त्यांचा तोडगा असा : कोणी अंग चोरू नये म्हणून एक देखरेख करणारा नेमावा, आणि देखरेख करणाऱ्यानेच अंग चोरू नये म्हणून सर्वांना देऊन उरेल ते त्याचे. म्हणजे मालक आणि त्याचा नफा दोन्ही एका दमात सिद्ध झाले. माल चढवणारे दोघे आपसात बोलून, सवडीने, समान वाटून घेऊ शकतील ही शक्यता त्यांनी गांभीर्याने घेतली नाही. मार्केट यार्डातील कोणत्याही हमालांच्या टोळीने त्यांचे शंकानिरसन केले असते.

आणि गंमत अशी की या खेळातील गिल्डांनी ते प्रत्यक्षात केलेही होते. मोठ्या शत्रूच्या पाडावानंतर हाती लागणारी लूट दोन-तीन वस्तूंची, आणि हक्कदार चाळीस. वाटायचे कसे? मार्च १९९९ मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट' या आधीच्या खेळात खेळाडूंनी एक पद्धत शोधून काढली होती. नागाफेन आणि व्हॉक्स या दोन ड्रॅगनांच्या शिकारीवरून तिला 'ड्रॅगन किल पॉइंट्स' असे नाव पडले. मोहिमेला जो हजर राहिला आणि अखेरपर्यंत टिकला त्याच्या खात्यात गुण जमा; वस्तू हवी तेव्हा गुण खर्च करावेत. गुण हजेरीचे, माऱ्याचे नव्हेत. टँकला जितके, तितकेच हीलरला, तितकेच योद्ध्याला. १८७५ मध्ये गोथा कार्यक्रमाची चिकित्सा करताना मार्क्सने श्रमाच्या दाखल्यांची जी कल्पना मांडली, तिच्याशी या वहीचे साम्य पाहून थक्क व्हायला होते. आणि ती वही मांडणाऱ्यांपैकी कितींनी मार्क्स वाचला असेल हे सांगायला नको. या पद्धतीत दोष नव्हते असे नाही. गुणांची साठेबाजी होई, चलनवाढ होई, म्होरक्यांच्या वशिल्याबद्दल भांडणे होत. पण ती भांडणे चाळीस समान हक्कदारांची होती.

पुढे काय झाले तेही बोधप्रद आहे. गुणांच्या जागी खेळातील सोने आले. वस्तूचा लिलाव पुकारायचा, ज्याची थैली जड त्याने ती उचलायची, आणि जमलेले सोने शेवटी वाटायचे. अनेक ठिकाणी मीटरवर वर असणाऱ्याला जादा हिस्सा आणि खाली असणाऱ्याला कपात. या प्रकाराला 'जीडीकेपी' म्हणतात. थैली जड होते कशाने? खऱ्या पैशाने. दुसऱ्यांसाठी असे सोने खणून देणे आणि पात्रे वाढवून देणे हा तोवर जगभर धंदा झाला होता. जागतिक बँकेच्या आश्रयाने २०११ मध्ये निघालेल्या अहवालात या धंद्याची २००९ सालची उलाढाल सुमारे ३ अब्ज डॉलर धरली आहे, आणि त्यातले राबणारे हात प्रामुख्याने चीन आणि व्हिएतनाममधील तरुणांचे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने आपल्या एका हंगामी आवृत्तीत आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धापनाच्या नव्या सर्व्हरांवर जीडीकेपीला बंदी घातली. स्वागतार्हच म्हणायचे. मात्र मुख्य खेळात २० डॉलरला 'टोकन' विकून ते खेळातल्या सोन्यात बदलून घेण्याची सोय याच कंपनीने २०१५ पासून करून ठेवली आहे. दारूबंदीचे भाषण करून उतरताना गुत्त्याचा परवाना खिशात असावा, तसे हे झाले.

रंगांची उतरंड

मीटर एका रात्रीचे असते. 'वॉरक्राफ्ट लॉग्ज' या नोंदवहीने ते कायमचे केले. लढाईची नोंद तेथे चढवली की त्याच वर्गाच्या जगभरच्या खेळाडूंशी तुलना होऊन शेकडेवारीतले स्थान ठरते, आणि स्थानाप्रमाणे रंग मिळतो : तळच्या चतुर्थकाला करडा, मग हिरवा, निळा, जांभळा, नारिंगी, आणि सर्वांत वर सोनेरी. चतुर्थक म्हणजे काय हे ज्याला समजते त्याच्या लक्षात येईल की खेळाडू कितीही सुधारले तरी पंचवीस टक्के करडेच राहणार. सगळ्यांनी दुप्पट मारा केला तरी करड्यांची संख्या एकानेही घटणार नाही. अपयशाचे प्रमाण आधीच ठरवून ठेवलेली ही परीक्षा आहे.

या रंगांपायी काय काय झाले! क्लासिकमध्ये शहरांत मिळणारे काही आशीर्वाद योद्ध्याची ताकद तासा-दोन तासांसाठी वाढवतात. ती मुदत पात्र जगात वावरत असतानाच सरते. म्हणून हजारो योद्धे आशीर्वाद गोळा करून तत्काळ खेळातून बाहेर पडू लागले आणि मोहिमेच्या घटकेपर्यंत परतेनासे झाले. उत्तम खेळता यावे म्हणून खेळायचेच नाही! अखेर २०२१ मध्ये कंपनीने ते आशीर्वाद बाटलीत भरून ठेवण्याची सोय करून या वेडावर वंगण घातले.

जून २०२५ मध्ये मुख्य खेळात आणखी एक सोय आली. एकच कळ दाबत राहावे. पुढचा डाव कोणता हे यंत्र ठरवील, फक्त दर डावामागे किंचित विलंबाचा दंड. ज्यांचे हात अधू आहेत त्यांना हा मोठा दिलासा आहे, आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडू नये. पण या सोयीपर्यंतची वाट पाहण्यासारखी आहे. कामगाराच्या डोक्यातले ज्ञान काढून घेऊन ते व्यवस्थापनाच्या कागदावर उतरवणे हेच फ्रेडरिक टेलरच्या १९११ मधील 'शास्त्रीय व्यवस्थापना'चे मर्म होते, हे हॅरी ब्रेव्हरमनने १९७४ मध्ये सविस्तर दाखवले. बेथलहेमच्या पोलाद कारखान्यात टेलरच्या माणसाला हातात घड्याळ घेऊन मजुरामागे उभे राहावे लागले. रोजचे साडेबारा टन बिडाचे ओझे साडेसत्तेचाळीस टनांवर नेल्याची फुशारकी त्याने मारली. येथे घड्याळही खेळाडूंनीच आणले, कागदही त्यांनीच भरला, आणि भरलेला कागद यंत्राच्या हवाली झाला. २०२५ मध्येच कंपनीने असेही जाहीर केले की 'मिडनाइट' या पुढच्या विस्तारात लढाईच्या वेळी बाहेरच्या जोडप्रणालींवर बंधने येतील आणि माऱ्याचे मीटर कंपनी स्वतःच पुरवील. श्रमिकांनी आपणच आपल्यावर नेमलेला मुकादम आता कंपनीच्या सेवेत रुजू झाला आहे.

कंपनीच्या आत काय चालते? जानेवारी २०२३ मध्ये ब्लूमबर्गने दिलेल्या वृत्तानुसार ब्लिझर्डमध्ये प्रत्येक व्यवस्थापकाने आपल्या चमूतील सुमारे ५ टक्के लोकांना निकृष्ट शेरा देणे अपेक्षित होते, मग चमूतले सगळेच चांगले काम करीत असोत. निकृष्ट शेऱ्याचा परिणाम बोनसवर आणि बढतीवर. क्लासिक आवृत्तीच्या प्रमुखांपैकी एकाने, ज्याच्या मते तो शेरा लायक नव्हता अशा सहकाऱ्याला, तो देण्याचे नाकारले. त्याला नोकरी गमवावी लागली. पडद्याच्या अलीकडे करडा रंग, पलीकडे ५ टक्क्यांचा शेरा : रचना एकच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ब्लिझर्डची मूळ कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरना विकत घेतली, आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्या खेळ विभागातून १,९०० जणांना घरी पाठवले. त्याच वर्षी जुलैमध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' घडवणाऱ्या ५०० हून अधिक कर्मचाऱ्यांनी 'कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका' या कामगार संघटनेच्या छत्राखाली आपली युनियन उभी केली. तीत अभियंते आहेत, चित्रकार आहेत, रचनाकार आहेत, आणि दोष शोधण्यासाठी तोच तोच डाव दिवसभर खेळून पाहणारे परीक्षकही आहेत.

मीटरवाद्यांचा एक आक्षेप उरतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतात, यादी नको म्हणता. मग जो खरोखर अंग चोरतो, चहा पीत एका हाताने कळ दाबतो, त्याचे ओझे उरलेल्या एकोणचाळीस जणांनी का वाहावे? प्रश्न रास्त आहे. पॅचवर्क सात मिनिटांनी बेभान होतो आणि मग कोणी वाचत नाही; मारा कमी पडला तर सगळ्यांचीच रात्र वाया जाते. पण अंगचोराला ओळखण्यासाठी यादी लागते हे खरे नाही. तो शत्रूच्या पाठीशी उभा होता की समोर, डाव वाया घालवीत होता की नाही, कशाने आणि कितव्या मिनिटाला मेला, हे सगळे त्याच नोंदींत सापडते. ते शोधायला थोडे कष्ट पडतात, त्याच्याशी बोलावे लागते, शिकवावे लागते. यादी हे कष्ट वाचवते. तिची खरी लोकप्रियता त्यातच आहे.

तेव्हा ज्या गिल्डांत चळवळीच्या सहानुभूतिदारांची मुले-मुली खेळत असतील, आणि काही ठिकाणी म्होरकेही असतील, त्यांनी एवढे जरूर करावे. पुढच्या मोहिमेपूर्वी लुटीची वही हजेरीवर मांडावी. पहिले पाच संडर कोणी घालायचे ते नावानिशी ठरवून द्यावे. आणि झुंज संपल्यावर त्या पाच जणांचे मीटरवरचे आकडे कोणी मोठ्याने वाचून दाखवू लागलाच, तर त्याला पुढच्या खेपेस टोटेम रोवायला बसवावे.